इर्जिक

आईची ट्रंक उघडली तेव्हा तीत चौदा लुगडी निघाली. वहिनींनी एकेक काढून ओसरीवर मांडलं आणि हळूच विचारलं, "वन्सं, मंगळवारी बोहारीण येती. ही द्यायची का ठेवायची?"

तेराव्याला आलेले पाहुणे नुकतेच परतले होते. मला उत्तर सुचेना. पाच-सहा लुगडी लग्नकार्यातली, घडी फारशी न मोडलेली. बाकीची रोजची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. एक चंद्रकळा होती, तिचा काळा रंग विटून तपकिरीकडे झुकला होता. एक हिरवं इरकली होतं, त्याच्या काठाजवळ बोटाएवढं रफू. ते टाके मी लगेच ओळखले. आई रफूला दोरा एकेरीच घ्यायची, आणि टाका असा घालायची की उलट बाजूही सुलट वाटावी. मी म्हटलं, "वहिनी, मी नेते."

"समदी?"

"सगळी."

त्यांचं नेमकं काय करायचं ते तेव्हा ठरलं नव्हतं. पण जुनं लुगडं हातात आलं की माझ्या डोळ्यांपुढं आता चौकोन आणि पट्ट्या पडायला लागतात. ही सवय मला लागली ती अमेरिकेत, ओहायोत.

तशी मी पेशानं ड्राफ्ट्समन. आमच्या वेळी बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे. १९७७ साली आयटीआय करून पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. मोठा तिरका बोर्ड, त्याला लावलेला ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, आणि प्रिंट काढायच्या खोलीतून दिवसभर येणारा अमोनियाचा वास. नव्वदच्या दशकात बोर्ड गेले आणि ऑटोकॅड आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम. बरोबरीच्या काही जणांना ते जड गेलं. मला मात्र ते मनापासून आवडलं. रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची नाही, परत काढायची. एक भाग चार वेळा लागत असेल तर एकदाच काढायचा आणि फिरवून ठेवायचा. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं माझ्या बोटांना नुसतं रिकामं वाटत होतं.

२०१८ साली मुलीच्या बाळंतपणासाठी कोलंबसला गेले. नातू आठ दिवसांचा असताना शेजारच्या बाई एक दुपटं घेऊन आल्या. दुपटं हा माझा शब्द, त्या त्याला क्विल्ट म्हणत होत्या. पिवळे-पांढरे त्रिकोण, प्रत्येकाचं टोक शेजारच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भिडलेलं. मी ते उलटंपालटं करून बघत बसले. बाईंना माझं ते निरखणं आवडलं असावं. महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी सार्वजनिक वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा गट जमतो, याल का, असं त्यांनी विचारलं.

त्या पहिल्या गुरुवारची एक गोष्ट माझ्या मनावर कायमची उमटली. सभेच्या शेवटी ज्यांचं काम पुरं झालंय त्या एकेक करून पुढं येतात आणि आपली क्विल्ट सगळ्यांना दाखवतात. दोघी दोन कोपरे धरतात, करणारी मधे उभी राहते आणि कापड वर उचलते. कापड इतकं मोठं असतं की ती बाई त्यामागं पुरती झाकून जाते. वरच्या कडेवर तिची आठ बोटं दिसतात आणि खाली बूट. आणि त्या कापडामागून तिचा आवाज येतो: हे माझ्या नातीसाठी, हे नवऱ्याच्या शर्टांचं, इथं मधे माझी एक ओळ उलटी लागली आणि ती मी तशीच ठेवली. समोर चाळीस बाया आणि तीन-चार पुरुष अगदी मन लावून ऐकत असतात. ती उलटी ओळ बघायला पुढच्या रांगेतल्या दोघी उठून जवळ जातात, आणि ते बघणं चूक काढण्यासाठी नसतं. ती ओळ उलटी असूनही कशी शोभतेय यावर त्या बोलतात. आयुष्यभर मी जिथं काम केलं तिथं ड्रॉइंगवरची चूक लाल पेन्सिलीनं गोल करून परत यायची. हे मला नवीन होतं.

त्या बायांना आकडे तोंडपाठ. तयार तीन इंचाचा त्रिकोणी जोड, म्हणजे दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन, हवा तर त्यासाठी कापडाचा चौकोन तीन पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा कापायचा. का? कुणी सांगितलं नव्हतं, असंच चाललेलं. मला रात्री झोप येईना म्हणून कागद घेतला. शिवणीला सगळीकडून पाव इंच सोडायचा. सरळ दोन बाजूंचे पाव-पाव इंच, आणि तिरक्या बाजूचा पाव इंच टोकाशी जातो तेव्हा त्याला दोनाच्या वर्गमुळानं गुणावं लागतं. बेरीज ०.८५४. सात अष्टमांश म्हणजे ०.८७५, म्हणजे केसभर जास्त, कापडाला चालेल इतकी. पुढच्या गुरुवारी मी तो कागद घेऊन गेले. ऐंशीच्या पुढच्या एक बाई चष्मा वर करून तो बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी तो घडी करून आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवला आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. त्या दिवसापासून ती खुर्ची माझीच.

त्यांच्याकडंच मला कळलं की क्विल्टचं डिझाइन कॉम्प्युटरवर करण्यासाठी खास प्रोग्रॅम आहे. त्याचं नाव इलेक्ट्रिक क्विल्ट, आणि तो जन्मला तोही ओहायोतच, बोलिंग ग्रीन गावात, १९९१ साली. म्हणजे आमच्या कारखान्यात बोर्ड उचलले जात होते त्याच सुमाराला इकडं गोधडीसाठी कॅड निघालं होतं. मुलीनं मला तो घेऊन दिला. उघडून बसले आणि मला माझं ऑफिस परत मिळालं. ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एकेक चौकोन, काढायची एक पाटी, त्या ब्लॉकांची पूर्ण क्विल्ट मांडायची दुसरी पाटी. रेषेची दोन्ही टोकं दुसऱ्या रेषेला भिडली पाहिजेत, नाहीतर तुकडा बंद होत नाही आणि त्यात रंग भरता येत नाही. हा नियम मला कुणी शिकवायला नको होता. कापडाचा फोटो आत घेता येतो, तो तुकड्यांत भरता येतो. कुठल्या रंगाचं किती कापड लागेल याचा हिशेब निघतो. कापायच्या मापांचा तक्ता छापून मिळतो.

सगळ्यात मोठं सुख मात्र फिरवण्यात आहे. लॉग केबिन नावाचा एक जुना ब्लॉक आहे, म्हणजे ओंडक्यांचं घर. मधे छोटा चौकोन, त्याच्या चारही बाजूंनी पट्ट्या लावत लावत बाहेर जायचं. लगतच्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. त्यामुळं ब्लॉक कर्णावर दुभंगतो, अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत. मधला चौकोन बहुतेक लाल ठेवतात. तो घरातल्या विस्तवाचा. हे एकच घर अठ्ठेचाळीस वेळा काढायचं आणि नुसतं फिरवत जायचं. एका तऱ्हेनं फिरवलं तर तिरके पट्टे धावतात, त्या रचनेला स्ट्रेट फरो म्हणतात. म्हणजे नांगराचं सरळ तास. दुसऱ्या तऱ्हेनं फिरवलं तर मधून बाहेर पसरत जाणारे चौकट-शंकरपाळे तयार होतात, एकात एक. त्या रचनेचं नाव बार्न रेझिंग.

बार्न म्हणजे शेतावरचं मोठं कोठार. ते उभारायचं तर एका घराचं काम नाही. आसपासची सगळी घरं एका दिवशी जमतात आणि लाकडाचा सांगाडा उभा करून देतात. ओहायोच्या होम्स काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, आमिश म्हणजे जुन्या चालीनं राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्यात हे अजून चालतं. हे मला समजावून सांगणाऱ्या बाईंना मी म्हटलं, आमच्याकडं याला इर्जिक म्हणतात. एकाची पेरणी मागं पडली की गावातले सगळे आपापली बैलं आणि औतं घेऊन त्याच्या रानात जातात, एका दिवसात रान उरकतात, आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालतो. बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. त्यांना 'र्जि' जमेना. पण पुढं गटात तो टिकला.

त्याच मुक्कामात लेक-जावयानं मला राज्याच्या दक्षिणेला ॲडम्स काउंटीत नेलं. तिथं कोठारांच्या भिंतींवर क्विल्टचे ब्लॉक रंगवलेले आहेत, आठ-आठ फुटी चौकोन, रस्त्यावरून जाताना दिसतील असे. डॉना स्यू ग्रोव्ह्ज यांनी हे सुरू केलं, आपल्या क्विल्ट करणाऱ्या आईच्या मानासाठी. २००१ साली पहिला चौकोन रंगवला गेला, ओहायो स्टार नावाच्या चांदणीच्या ब्लॉकचा. आता अमेरिका-कॅनडाभर असे चौकोन आहेत. आई हयात असताना मुलीनं तिची कला भिंतीवर नेली, याचं मला फार वाटलं. माझी आई तेव्हा गावात होती, ब्याऐंशी वर्षांची, तिची नजर अधू झालेली. मी तिला फोनवर फोटो पाठवले. दादानं सांगितलं, तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि विचारलं, "ह्यातलं शिवायचं कोनतं?"

लांब धरणं हे तिचं जुनंच. आमच्याकडं, कोरेगाव भागात, गोधडीला वाकळ म्हणतात. वैशाखात सुगीची कामं संपलेली असायची, पाऊस लांब असायचा, तेव्हा वाकळा घालायच्या. अंगणात खालचं लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड, एखाद्या कोपऱ्यावर वरवंटाच. आत विरलेली धडपी, वर ठिगळांचा थर. चार बाजूंनी चौघी-पाचजणी बसायच्या आणि कडेनं धावदोरा घालत आत सरकायच्या. ठिगळं मांडून झाली की आई सुई हातात घ्यायच्या आधी जोत्यावर चढून उभी राहायची आणि डोळे किलकिले करायची. तसंच थोडा वेळ बघत राहायची. मग खाली येऊन दोन-तीन तुकड्यांच्या जागा बदलायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काळ्याशेजारी काळं गेलं की आंदार हुतो. जवळनं कळत न्हाय."

हे मला समजायला साठी उलटावी लागली.

आई २०२२च्या जानेवारीत गेली. त्या ऑक्टोबरात मी परत कोलंबसला निघाले तेव्हा एका बॅगेत फक्त तिची लुगडी होती. ठरवलं होतं की तिची वाकळ करायची आणि तिची रचना कॉम्प्युटरवर बांधायची. गटातल्या एकीनं मला मिसुरी पेटवे यांच्याबद्दल सांगितलं. अलाबामात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि साऱ्या देशाचं लक्ष त्यांच्याकडं गेलं. मिसुरीबाईंनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याचे शेतातले कामाचे कपडे उसवले आणि त्यांची क्विल्ट शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. मुलगी अर्लोन्झिया त्यांच्या मदतीला होती. त्या क्विल्टचा फोटो मी बघितला. निळे, राखाडी, करडे लांब पट्टे, आणि मधेच जिथं खिसा होता तिथं मूळचा गडद रंग टिकलेला. आजूबाजूचं कापड उन्हानं विटलं, खिशाखालचं राहिलं. मी कितीतरी वेळ त्या खिशाच्या सावलीकडंच बघत होते.

मी लॉग केबिन निवडला. मधला चौकोन दोन इंच, एकेक पट्टी एक इंच, चार फेरे. तयार ब्लॉक दहा इंचाचा. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस ब्लॉक. एका ब्लॉकात सतरा तुकडे, म्हणजे एकूण आठशे सोळा. कॉम्प्युटरनं हिशेब दिला: दीड इंच रुंदीची गडद पट्टी सुमारे पंचाहत्तर वार, फिकट चौसष्ट वार. लाल चौकोनांसाठी आईच्या खणाच्या दोन चोळ्या होत्याच.

प्रत्येक लुगड्याचा फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून काढला, कारण माप दिलं नाही तर आतला बुट्टा पडद्यावर मुठीएवढा दिसतो. मग रंग भरले. मोरपंखी गडद बाजूला, राणी रंग फिकट बाजूला. दोन्ही लुगडी तिची आवडती, दोन्ही उठावदार. एकमेकांशेजारी काय सुरेख दिसत होती! सगळे ब्लॉक बार्न रेझिंगमध्ये फिरवले, मागं सरकून बघितलं, आणि शंकरपाळा कुठंच दिसेना. नुसता रंगांचा गलबला. तासभर मी ब्लॉकांची दिशाच तपासत बसले. दिशा बरोबर होती. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, याचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर बरं." केला. पडदाभर एकच राखाडी. मोरपंखी आणि राणी हे रंग वेगळे होते, पण त्यांचा गडदपणा एकच होता. उजेड आणि सावली वेगळी पडलीच नव्हती.

आंदार हुतो, जवळनं कळत नाही. मी खुर्चीवरून उठले, खोलीच्या दारापर्यंत मागं गेले आणि डोळे किलकिले करून पडद्याकडं बघितलं. फोननं जे दाखवलं तेच दिसलं. जोत्यावर उभी राहून ती हेच करत होती.

मग पुढचे पंधरा दिवस नुसते त्यातच गेले. राणी रंग गडद बाजूला टाकला, अबोली आणि म्हातारपणी नेसायची ती फिकट पिवळी लुगडी उजेडाकडं आली, चंद्रकळा अगदी बाहेरच्या पट्टीला नेली. सोळा-सतरा तऱ्हा करून ठेवल्या. कापडाला कात्री न लावता इतकं बदलता येतं, हे माझ्यासारख्या माणसाला मोठं वरदान आहे. आईचं लुगडं एकदा कापलं की संपलं. हात धजावण्यासाठी मला आधी सगळं बघून घ्यायचं होतं, आणि ते मला त्या पडद्यानं दिलं. कॉम्प्युटरनं हातकामाचा जीव जातो असं म्हणणारी माणसं मला भेटतात. मला उलट वाटतं. तो पडदा नसता तर ती लुगडी अजून बॅगेतच असती.

पण त्याला एक गोष्ट कळत नव्हती. तो कापड अखंड धरतो. एका वीतभर फोटोवरून तो पंचाहत्तर वार पट्टी तशीच भरत जातो. प्रत्यक्षात हिरव्या इरकलीचा मधला भाग, ज्यावर ती आयुष्यभर चुलीपुढं, जात्यापुढं, शेतात बांधावर बसली, तो उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. एकावर हळदीचा डाग होता, अंगठ्याएवढा. एकाला सलग वीतभरही धड भाग नव्हता. हिशेबानं गडद बाजूच्या साऱ्या पट्ट्यांना अख्ख्या पन्ह्याचं अडीच वार कापड पुरणार होतं. नऊवारी सात-आठ लुगड्यांतून ते निघताना मला घाम फुटला. माझ्या खुर्चीशेजारच्या आजींनी त्यावर तोड सांगितली. शिंपी पेस्टिंग म्हणतात तसं, पण अगदी पातळ अस्तर इस्त्रीनं मागून चिकटवायचं, मगच पट्ट्या कापायच्या. हळदीच्या डागाचा भाग मी टाकायला काढला होता. त्यांनी तो कचऱ्याच्या पिशवीतून परत काढला, अस्तर लावलं आणि मला विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हा तुकडा फिकट बाजूला जाईल, छान उठेल.

पट्ट्या कापून झाल्या तेव्हा परतायला पाच आठवडे होते आणि शिवून झाले होते फक्त सहा ब्लॉक. माझी शिवण सावकाश. पाव इंचात दोऱ्याचाही फरक मला चालत नाही, कारण त्या ब्लॉकात आडव्या रेषेत आठ शिवणी आहेत. एका शिवणीत सोळावा हिस्सा इंच जास्त गेला तर दोन्ही बाजू मिळून आठवा हिस्सा जातो, आणि आठ शिवणींत ब्लॉक पुरा एक इंचानं आखडतो. हे मी गुरुवारी बोलले. कुणी काही म्हणालं नाही. फक्त शेजारच्या बाईंनी विचारलं, शनिवारी घरी आहात का?

शनिवारी सकाळी नऊला अकरा जणी आपापली मशिनं घेऊन दारात उभ्या. त्यांतली तीन मशिनं सिंगरची जुनी काळी फेदरवेट होती, अवघ्या अकरा पौंडांची, डब्यासारख्या पेटीत मावणारी. एकीला ते तिच्या आजीकडून आलेलं. बाहेर बर्फ पडत होतं. जावयानं तळघरात टेबलं लावली, जादा वायरी ओढल्या. पडद्यावरची रचना भिंतीवर मोठी करून लावली. दोघी इस्त्रीला, एक पट्ट्या वाटायला, बाकीच्या मशिनवर. मी शिवत होते तेवढंच सांगतही होते, कारण दर थोड्या वेळानं कुणीतरी पट्टी वर धरून विचारायचं, ही कुठल्या दिवसाची? ही माझ्या बहिणीच्या लग्नातली. ही दिवाळीला दादानं पहिल्या पगाराची घेतलेली. ही रोजची, विहिरीवर जायची. प्रोग्रॅममध्ये या कापडांना मी एक ते चौदा क्रमांक दिले होते. त्या दिवशी ते क्रमांक कुणीच वापरले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या जणी 'विहिरीची पट्टी संपली का' असं विचारायला लागल्या होत्या.

दुपारी पुरणपोळी केली होती. इर्जिक घातली तर जेवण ज्याचं रान त्याचं. आदल्या रात्री बारापर्यंत पुरण वाटलं, मुलीनं पोळ्या भाजल्या. ऐंशीच्या पुढच्या आजींनी तीन खाल्ल्या.

बेचाळीस ब्लॉक एका दिवसात झाले. माप लावलं तर बारा हातांचे बारा दहा-इंच निघाले. कुणाचा सव्वा दहा, कुणाचा पावणेदहा. सगळे लहानाला जुळवून बाहेरची पट्टी थोडी कापली आणि शंकरपाळा नीट जुळला. कुठला ब्लॉक कुणाचा ते मला आजही बोट ठेवून सांगता येतं.

वरचा थर घेऊन मी मार्चमध्ये परत आले. अस्तर आणि धावदोरा मला गावातच हवा होता. त्यासाठीही मी कॉम्प्युटरवर रेघा काढून आणल्या होत्या; शिवणींच्या बाजूनं, शंकरपाळ्यांच्या आकारात, मधून बाहेर जाणाऱ्या. वैशाखात ओसरीवर सगळं अंथरलं. खाली आईचं लग्नातलं एक अख्खं लुगडं, आत दोन विरलेली, वर हे. वहिनी, शेजारच्या दोघी आणि आमच्या थोरल्या आत्ती बसल्या. मी छापलेला कागद पुढं केला. आत्तींनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातून सुई घातली.

"आगं, वाकळ कडंनं आत जाती. मधनं भाईर न्हाय. मधनं घातलं की कड झोल खाती."

मी गप्प बसले. मग माझीही सुई घेतली. नऊ दुपारी गेल्या. चौकोनी फेरे आत आत सरकत गेले आणि माझ्या तिरक्या रचनेवरून बेधडक ओलांडून गेले. पहिले दोन दिवस मला ते बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जाणवलं की कापड खरंच सपाट बसतंय, एकही सुरकुती नाही. आत्तींचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, वहिनींचा तांदळाएवढा. हळदीच्या डागाशी वहिनींची सुई आली तेव्हा त्या थांबल्या. त्यांनी त्यावर अंगठा ठेवून बघितला. काही बोलल्या नाहीत, पुढचा टाका घातला.

शेवटच्या फेरीची गाठ आत दडवून आत्ती उठल्या, पाय मोकळे केले. वाकळेची घडी करताना वहिनींनी विचारलं, "वन्सं, घट बसायच्या आदी समद्या वाकळा वढ्याला नेतो आपण. ही न्यायची का?"

"न्यायची," मी म्हटलं.

ऑक्टोबरात त्यांनी फोनवर फोटो पाठवला. ओढ्याकाठच्या खडकांवर गावातल्या बारा-पंधरा वाकळा वाळत घातलेल्या, ओल्यानं सगळ्यांचेच रंग गडद झालेले, कुठली कुणाची ते पटकन कळू नये अशा. मी फोन हातभर लांब धरला आणि डोळे किलकिले केले.